उपवर कथेचे स्थळसंशोधन

मराठी कथेचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही आणि एक एप्रिललाही होत नाही. ते दिवाळीला संपते, आणि बाकीचे महिने त्या शेवटापासून उलटे मोजत यावे लागतात. दिवाळी अंक, म्हणजे कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे, राशिभविष्य आणि सहकारी बँकांच्या शुभेच्छा यांना एकाच मुखपृष्ठाखाली नांदवणारा वार्षिक विशेषांक, हा प्रकार का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली सुरू केला, आणि तेव्हापासून मराठी कथाकाराचा निसर्गाच्या ऋतुचक्राशी असलेला संबंध कायमचा सुटला. अंक धनत्रयोदशीपूर्वी वाचकाच्या हाती पडायचा तर तो नवरात्राच्या आसपास छापून व्हावा लागतो, छापून व्हायचा तर गणपतीत त्याची पाने लागलेली असावी लागतात, पाने लावायची तर मजकूर आषाढ-श्रावणात संपादकाच्या टेबलावर यावा लागतो, आणि म्हणून नरकचतुर्दशीच्या पहाटेचा गारठा, उटण्याचा वास आणि बंबातून निघणारा धूर यांचे वर्णन मराठी लेखक साधारणपणे मे महिन्यात, पंख्याखाली बनियनवर बसून, मानेवरचा घाम पुसत करीत असतो. मराठी कथेतील थंडी पुष्कळदा पटत नाही, त्याचे कारण समीक्षकांनी शैलीत शोधले असले तरी ते बहुधा पंचांगात आहे.

या व्यवस्थेत होतकरू कथाकाराचे, म्हणजे ज्याची कथा अद्याप कोठे छापून आलेली नाही परंतु जो परिचयपत्रावर ‘साहित्यिक’ असे छापून मोकळा झालेला आहे अशा व्यक्तीचे, निरीक्षण करण्यास उत्तम जागा म्हणजे कथालेखन कार्यशाळा होय. कार्यशाळेत सकाळी दोन व्याख्याने होतात, दुपारी पुरी-भाजी होते आणि त्यानंतर प्रश्नोत्तरांचा तास होतो, ज्यात पहिला प्रश्न ‘कथा कुठे पाठवावी’ हा, दुसरा ‘मानधन मिळते का’ हा आणि तिसरा ‘संपादकांनी कल्पना चोरली तर काय करावे’ हा असतो. ‘कथा सुधारावी कशी’ हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच तर तो आभारप्रदर्शनाची जबाबदारी असलेले निवृत्त मुख्याध्यापक, वेळ शिल्लक राहिल्यामुळे, विचारतात. लग्नाच्या मुलीचा बाप ज्या तळमळीने स्थळांची यादी बाळगतो आणि मुलीचे मत मात्र विचारायचे विसरतो, त्याच तळमळीने हा कथाकार संपादकांचे पत्ते गोळा करतो. कथेला मात्र त्याने पहिला खर्डा पूर्ण झाल्यानंतर पुन्हा तोंड दाखविलेले नसते.

कथा सुधारण्याची साधने मराठीत कमी आहेत असे म्हणण्यास जागा नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढून ‘स्फुट गोष्टी’ लिहिल्या, तेव्हा गोष्टीने किती पाने घ्यावीत याविषयी कोणाची तक्रार नव्हती आणि वाचकालाही रात्री दुसरे काम नव्हते. पुढे ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून असे प्रतिपादन केले की कथा ही दैवी कृपेवर सोडून देण्याची बाब नसून तिला तंत्र असते, म्हणजे आरंभ, गुंतागुंत, उत्कंठा आणि उकल यांची योजना आधीच आखता येते व ती शिकता येते. हे पुस्तक वाचून पिढीच्या पिढी आखणीला लागली आणि मराठी कथेत योगायोगाने भेटणाऱ्या तरुण-तरुणींची मोठी गर्दी झाली. ती गर्दी हटविण्याचे काम १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने केले. कथानकाची घट्ट वीण सैल करून माणसाच्या मनात काय चालते, किंवा माणदेशातील माणूस जसा आहे तसा कसा दिसतो, याकडे तिने लक्ष वळविले. गाडगीळांनी कथानक सैल केले ते त्याऐवजी मन ठेवण्यासाठी, हा तपशील मात्र होतकरू कथाकारांच्या नजरेतून सुटला, आणि त्यांनी कथानक काढून टाकून त्या जागी काहीच न ठेवण्याची सोयीस्कर पद्धत अंगीकारली. भालचंद्र नेमाडे यांनी तर कथा हा क्षुद्र वाङ्मयप्रकार असल्याचे मत जाहीरपणे मांडले. या मतावर गंभीर वाद झाले ते झालेच, परंतु त्याचा व्यावहारिक लाभ असा की ज्याच्या कथा ओळीने परत येतात तो आता तात्त्विक कारणास्तव कादंबरीकडे वळत असल्याचे सांगू शकतो. सध्या मोबाईलवर ‘अलक’ हा प्रकार जोरात आहे. अलक म्हणजे अति लघुकथा, जी चार-सहा ओळींत आटोपते आणि जिच्या शेवटच्या ओळीत बहुधा वृद्धाश्रम निघतो. फडक्यांच्या कलाटणीचा हा वंशज आहे, हे ती पुढे पाठविणाऱ्यांना कोणी सांगितलेले नसते.

तंत्राची चर्चा हवेत राहू नये म्हणून एक कल्पित कथा उदाहरणादाखल घेता येईल. तिच्या सख्ख्या बहिणी दरवर्षी संपादकांकडे येतच असतात. सासरी असलेली बहीण भाऊबीजेला माहेरी येते आणि ओवाळून झाल्यावर भाऊ तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतो. हक्कसोडपत्र म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतील आपला वाटा सोडून देत असल्याचा दस्त, ज्याच्या आधारे बहिणीचे नाव सातबारा उताऱ्यावरून कमी होते आणि ज्याच्या बदल्यात तिला माहेर, म्हणजे वर्षातून दोन साड्या आणि चार दिवस, चालू ठेवण्याचे अलिखित आश्वासन मिळते. विषय अस्सल आहे, महाराष्ट्रातील कितीतरी घरांत तो कधी ना कधी घडतो, आणि कथाकाराला तो सुचला याबद्दल त्याचे अभिनंदनच करावयास हवे. परंतु पहिल्या खर्ड्यात ही बहीण एसटीच्या खिडकीशी बसलेली असते. शेते मागे पळतात, तिचे मनही मागे पळते, त्यात पाटीतल्या चिंचा येतात, आजीची गोधडी येते, विहिरीवरचा रहाट येतो आणि पाचव्या पानावर एकदाची एसटी थांब्यावर येते. हक्कसोडपत्र सातव्या पानावर निघते. त्यानंतर दोन पाने बहीण मनातल्या मनात नात्यांचा बाजार, रक्ताचे पाणी आणि मायेचा ओलावा या विषयांवर भाषण करते, सही करते, अश्रू नेमका सहीवर पडतो, शाई पसरते, आणि निरांजन फडफडून विझते. मराठी कथांच्या शेवटच्या पानावर आजवर जेवढी निरांजने विझली आहेत तेवढी प्रत्यक्षात विझली असती तर तुपाचे भाव उतरले असते.

जाणता वाचक हातात पेन्सिल घेऊन बसला तर तो पहिली सहा पाने एकाच तिरक्या रेघेने काढतो. कथा सुरू होते ती भाऊ ओवाळणीचे तबक जरा बाजूला सरकवून त्या रिकाम्या झालेल्या पाटासमोर कागद पसरतो तेथे. भाषणाची दोन पानेही जातात आणि त्यांच्या जागी बहिणीचे एकच वाक्य येते: “दादा, चष्मा घरी राहिला रे.” असे म्हणत ती डोळे टिपायला पर्समधून रुमाल काढते, तेव्हा रुमालाबरोबर चष्म्याचे घर अर्धे वर येते, ते वहिनीला दिसते, आणि वहिनी काही न बोलता चहा टाकायला आत जाते. बहिणीला सही करायची नाही, भावाला ते कळलेले नाही, वहिनीला कळले आहे आणि तिने कोणाची बाजू घेतली हे वाचकाने ठरवायचे आहे, एवढा सगळा ऐवज त्या चष्म्याच्या घरात मावतो. पात्राने आपल्या मनःस्थितीवर व्याख्यान देऊ नये, त्याने काहीतरी करावे आणि शक्यतो ते हाताला लागेल अशा वस्तूशी करावे, हे तंत्राचे जे सूत्र पुस्तकांत सांगितलेले असते त्याचा अर्थ इतकाच. निरांजन मात्र तसेच जळत ठेवावे, कारण कोणी मुद्दाम फुंकर मारल्याशिवाय ते इतक्या वेळेवर विझत नाही.

या दुरुस्तीवर लेखकाची प्रतिक्रिया ठरलेली असते. काढून टाकलेली सहा पाने हाच कथेचा आत्मा होता, असे तो सांगतो, आणि मग हुकमाचे पान टाकतो, ते असे की गोधडी खरी आहे, आजी खरी आहे, हे सगळे प्रत्यक्ष घडलेले आहे. घडलेले असणे हा न्यायालयात पुरावा ठरतो. कथेत तो बचाव ठरत नाही. परंतु हे समोरासमोर बसून, लेखकाला न दुखावता आणि तरीही न सोडता सांगायचे तर सांगणाऱ्याजवळ वेळ, चिकाटी आणि थोडा निर्दयपणा लागतो, आणि अशी माणसे एकेकाळी संपादकाच्या खुर्चीत बसत असत.

गिरगावातील खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथा’ मासिकाची ख्याती या बाबतीत विशेष होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिचे संपादक आलेल्या कथेवर लेखकाशी पत्रांतून सविस्तर चर्चा करीत, पुनर्लेखन सुचवीत, आणि नावाजलेल्या लेखकालाही त्यातून सूट नसे. त्या काळात नापसंत लेखन ‘साभार परत’ या शेऱ्यासह घरी येई, आणि ते येण्यासाठी स्वतःचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट लेखकानेच कथेसोबत जोडावे असा नियतकालिकांचा नियम असे; म्हणजे नकाराचा टपालखर्च लेखक आगाऊ भरीत असे. पोस्टमनने जाड पाकीट दिले की ते उघडण्याची गरज नसे, आणि शेजाऱ्यांनाही ती उरत नसे. ‘सत्यकथे’ची आवड चाकोरीबद्ध झाली आहे आणि तिच्यात ठराविक जगालाच जागा मिळते, असा आक्षेप घेऊन लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी १९६९ मध्ये तिचा अंक जाळला. आक्षेपात तथ्य होते. दलित, ग्रामीण आणि महानगराच्या तळातील जगण्याचे लेखन पुढे मुख्यतः इतर व्यासपीठांवरून, गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकांतून वाढले. तरीही एखादे मासिक जाळावेसे वाटण्याइतके ते लोकांच्या डोक्यात बसलेले असणे, ही गोष्ट आजच्या कोणत्याही संपादकाला हेवा वाटावा अशीच आहे. आज जाळायला तेवढ्या प्रतीही सहज मिळणार नाहीत. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाली.

आजचा नकार पाकिटातून येत नाही. तो येतच नाही. कथा मोबाईलवरून संपादकाकडे जाते, तिच्यापुढे दोन निळ्या खुणा उमटतात, आणि त्यानंतर जे मौन सुरू होते त्याचा अर्थ लावण्यात कथाकाराचा श्रावण आणि भाद्रपद हे दोन्ही महिने जातात. संपादकाने सकाळी शुभेच्छांचे फूल पाठविले तर कथा स्वीकारली, असा एक अर्थ काढला जातो; न पाठविले तर तो कथा वाचण्यात गढलेला आहे, असा दुसरा. वास्तविक त्या दिवसांत संपादक जाहिरातींच्या मागे असतो, कारण दिवाळी अंक विक्रीवर नव्हे तर जाहिरातीवर उभा राहतो, आणि साखर कारखान्याच्या अध्यक्षांचे छायाचित्र वेळेत मिळविणे हे चांगली कथा मिळविण्यापेक्षा खात्रीने अधिक अवघड असते. अशा माणसाने सहा पानांवर रेघ मारून पत्र लिहावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात: कथा आहे तशी घेणे किंवा नुसते गप्प राहणे; आणि आहे तशी घेणे हा त्यातला कथेला अधिक घातक पर्याय होय.

राहता राहिला स्थळांचा प्रश्न. तो दिसतो तेवढा कठीण नाही. कठीण आहे ते स्थळाकडे पाठवण्यापूर्वी ते एकदा पाहून येणे. प्रत्येक अंकाला स्वभाव असतो. मधुकर पाटकर यांनी सुरू केलेला ‘आवाज’ विनोदासाठी आणि त्यातील खिडकीचित्रांसाठी, म्हणजे पानातील खिडकी उघडली की आतले चित्र भलताच अर्थ देते अशा चित्रांसाठी, घरोघरी ओळखला गेला, अनंत अंतरकर यांच्या तीन अंकांपैकी ‘हंस’ ललित साहित्याकडे, ‘मोहिनी’ विनोदाकडे आणि ‘नवल’ गूढ-अद्भुताकडे झुकलेला, ‘साधना’ला साने गुरुजींचा वारसा, त्यामुळे तेथे सामाजिक भान अपेक्षित, विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ आणि मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ ही संस्थांची नियतकालिके आपापल्या प्रदेशातील लेखकाकडे लक्ष ठेवणारी. हे सर्व अंक वाचनालयात वर्गणी भरून, किंवा न भरता टेबलाशी बसून, चाळता येतात. तथापि अंक न वाचता त्याला कथा पाठविणे ही होतकरू कथाकाराची प्रतिज्ञाच असल्यामुळे विनोदी अंकाकडे कर्करोगाची कथा जाते, गूढकथांच्या अंकाकडे ग्रामसभेची कथा जाते, आणि धुळ्याहून निघणाऱ्या ‘कवितारती’सारख्या नियतकालिकाकडे, ज्याच्या नावातच त्याचे सर्व धोरण स्पष्ट लिहिलेले आहे, दीर्घकथा जाते. काहीजण एकच कथा सर्वांना एकाच दिवशी पाठवितात. त्याचा परिणाम क्वचित असा होतो की ती दोन अंकांत दोन शीर्षकांनी एकाच दिवाळीत येते. त्या वर्षी लेखकाइतके आनंदी कोणी नसते आणि पुढच्या वर्षापासून त्याच्याइतके मोकळेही कोणी नसते.

ज्यांना नकाराचे मौन सोसत नाही त्यांच्यासाठी ‘प्रातिनिधिक कथासंग्रह’ नावाची सोय निघालेली आहे. येथे निवड सहभाग शुल्काच्या पावतीवर होते, प्रत्येक सहभागी लेखकाने ठराविक प्रती विकत घ्यावयाच्या असतात, आणि सोबत एक सन्मानपत्र मिळते, ज्यावर गौरवाची विशेषणे आधीच छापलेली असून फक्त नावाची जागा कोरी असते. असा संग्रह कोणाचे प्रतिनिधित्व करतो हे विचारू नये. पहिले पुस्तक काढण्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, आणि तेथे हस्तलिखित कोणीतरी वाचते, एवढ्यावरूनच तिची शिफारस करता येते.

स्थळ ठरल्यावरही एक विघ्न उरते, ते अक्षरांचे. लेखक युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर सारख्या दिसणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, लिहितो. पाने लावणारा मात्र पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या घराण्यातील टंकावर काम करतो. आणि एकातून दुसऱ्यात मजकूर उतरविताना ‘दुसऱ्या’मधील अर्धा र हमखास मोडतो व त्याचा रफार होऊन शेजाऱ्याच्या डोक्यावर बसतो. मुद्रितशोधक, म्हणजे छापण्यापूर्वी चुका हेरणारा गृहस्थ, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम तोंडपाठ असूनही या रफारांपुढे हात टेकतो. लेखकाचे लक्ष तिकडे नसते, कारण तो तेव्हा स्वतःचा परिचय लिहीत असतो, जो कथेपेक्षा अधिक वेळा पुन्हा लिहिला जातो.

समजा, भाऊबीजेची ती कथा सुधारून, चष्म्याच्या घरासह, छापून आली. “दादा, चष्मा” येथे पान संपते, खाली ‘उर्वरित मजकूर पान १६८ वर’ असे असते, समोर सराफांची पूर्ण पान जाहिरात असते, आणि तरीही काही वाचक पान १६८ गाठतात. कथेखाली लेखकाचा भ्रमणध्वनी क्रमांक छापण्याची मराठी अंकांची रीत असल्याने त्यांपैकी एकाचा दूरध्वनी पाडव्याच्या दुपारी, जेवणे चालू असताना, येतो. ते निवृत्त तलाठी असतात.

“गोष्ट चांगली आहे साहेब, पण नुसत्या सहीनं काय होतंय?” असे म्हणून ते सांगतात की हक्कसोडपत्र नोंदवावे लागते, त्यासाठी बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन बसवावे लागते, तेथे तिचा फोटो काढतात आणि अंगठा घेतात, तेव्हा चष्मा घरी राहिला हे कारण फार तर एक दिवस पुरेल. लेखक घास हातात तसाच धरून हे ऐकून घेतो. “आणि दुसरं,” ते पुढे म्हणतात, “इतकी वर्षं गप्प बसलेला भाऊ याच दिवाळीला कागद काढतो, म्हणजे जमीन रस्त्यात चालली असणार. मोबदला किती बसला, ते गोष्टीत कुठंच नाही.” भावाला घाई का, हा प्रश्न लेखकाला पडला नव्हता, कार्यशाळेत कोणी विचारला नव्हता, आणि पेन्सिलवाल्या जाणत्यालाही चष्म्याच्या नादात सुचला नव्हता. लेखक चाचरत सांगतो की मोबदल्याचा विचार त्याने केलेला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊबीज असते. सकाळीच तलाठीसाहेबांचा संदेश येतो, त्यात दोन एकर जिरायत जमीन गृहीत धरून, गुणक लावून आणि दिलासा रक्कम मिळवून केलेला हिशेब असतो, आणि खाली बहिणीच्या हिश्श्याची रक्कम वेगळी काढून दाखविलेली असते.